लाल वर्तुळातला आकडा



गेल्या पालक-शिक्षक सभेत शाळेसमोरच्या रस्त्याचा विषय निघाला आणि ठरलेल्या वेळेपेक्षा बराच लांबला. ते योग्यच झाले, कारण सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना त्या रस्त्यावर काय परिस्थिती असते ते आपण सगळेच पाहतो. एकीकडे सायकली, पायी येणारी लहान मुले, ऑटो, आईच्या स्कूटीवर मागे बसलेली बालवाडीतली पोरे. दुसरीकडे संत्र्याने भरलेले ट्रक, रिकामे परतणारे डंपर आणि भरधाव मोटारसायकली. सभेत तीन सूचना पुढे आल्या. पहिली, शाळेसमोर गतिरोधक बांधावा. दुसरी, फाटकावर एक माणूस उभा करावा. तिसरी सूचना सर्वांना अधिक आवडली. ती अशी की एखाद्या दानशूर गृहस्थाच्या सौजन्याने मोठा फलक तयार करून घ्यावा, त्यावर शाळेचे नाव असावे आणि वाहनचालकांना हळू जाण्याची विनंती असावी.

या तिसऱ्या सूचनेबद्दल आम्ही आज लिहीत आहोत. सूचना करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण आमचे मत वेगळे आहे, आणि विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीआधी ते सर्वांसमोर असावे असे वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, विनंतीचा फलक आपण लावू नये. त्याऐवजी पांढऱ्या जमिनीवर, लाल वर्तुळात, काळ्या अक्षरात ३० हा आकडा असलेले रीतसर सरकारी चिन्ह संबंधित खात्याकडून लावून घ्यावे. एवढ्याशा आकड्यासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून कारणे क्रमाने देतो.

वाचायला वेळ कोठे आहे?

प्रथम विद्यार्थ्यांसाठी थोडी उजळणी. रस्त्यावरची चिन्हे तीन जातींची असतात. गोल चिन्ह हुकूम देते, ते पाळावेच लागते. त्रिकोणी चिन्ह सावध करते: पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, पुढे अरुंद पूल आहे. आणि चौकोनी चिन्ह माहिती देते: इथे दवाखाना आहे, इथे पेट्रोल पंप आहे. म्हणजे आत काय लिहिले किंवा काढले आहे ते नीट दिसण्याआधीच, केवळ आकारावरून, चालकाला कळते की हा हुकूम आहे, इशारा आहे की माहिती. काही लोकांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. त्यांनाही आकार ओळखता येतो. धुके असो, पाऊस असो, गोल तो गोलच दिसतो.

आता आपला विनंतीचा फलक घ्या. त्यावर साधारण असे वाक्य असेल: सावधान! पुढे शाळा आहे, कृपया वाहन हळू चालवा, मुलांच्या जिवाची काळजी घ्या. हे बारा शब्द झाले. भराभर वाचणाऱ्यालाही यास चार सेकंद लागतील. ताशी ६० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे वाक्य वाचून होईपर्यंत ते ६५ मीटरहून अधिक पुढे गेलेले असेल, आणि तेवढा वेळ चालकाची नजर रस्त्यावर नसून आपल्या फलकावर असेल. ज्या मुलासाठी आपण फलक लावला, त्या मुलाकडेच त्याचे लक्ष नसेल! शिवाय त्याच फलकावर शाळेचे नाव, स्थापनेचे वर्ष, देणगीदाराचे नाव आणि कदाचित छायाचित्रही असणार.

दुसरी गोष्ट, हळू म्हणजे किती? ज्याने महामार्गावर ताशी ९० ने गाडी आणली त्याला ६० म्हणजे हळूच वाटते. बैलगाडीवाल्याला २० म्हणजे वेग वाटेल. ‘हळू’ या शब्दावर वाद घालता येतो, ३० या आकड्यावर घालता येत नाही. आकडा मोजता येतो, स्पीडोमीटरवर पडताळता येतो, आणि मोडला तर पोलिसाला दंडही करता येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे अनिवार्य चिन्ह पाळणे चालकाचे कर्तव्य आहे, आणि वेगमर्यादा ओलांडणाऱ्यास कलम १८३ खाली दंड आहे. आपण शाळेच्या खर्चाने लावलेल्या विनंतीला असा कोणताच आधार नसतो. ती वाचून ज्याला वाटेल तो हळू जाईल, ज्याला वाटणार नाही तो जाणार नाही.

आपल्या सीमेवर शब्दांपेक्षा आकडा बरा

तिसरे कारण आपल्या भागाचे आहे. आपले पांढुर्णा नागपूर-बैतूल-भोपाळ या महामार्गावर आहे, ज्याचा जुना क्रमांक ६९ आणि आताचा ४७. सौंसर हे सावनेर-छिंदवाडा-नरसिंहपूर या ५४७ क्रमांकाच्या महामार्गावर आहे. दोन्ही रस्ते थोड्याच अंतरावर राज्याची सीमा ओलांडतात. सीमेपलीकडे फलक बजावतो, ‘अति घाई संकटात नेई’. अलीकडे फलक सांगतो, ‘सावधानी हटी, दुर्घटना घटी’. आपल्याला दोन्ही समजतात, कारण आपल्या घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण या रस्त्यांवरून केवळ आपण जात नाही. पंजाबचे ट्रक जातात, तमिळनाडूचे ट्रक जातात, तेलंगणाचे जातात. त्या चालकांपैकी कितींना देवनागरी झरझर वाचता येईल? फलक मराठीत लावायचा की हिंदीत, यावर आपल्या सभेत पाऊण तास चर्चा झाली. लाल वर्तुळातला आकडा ना मराठी बोलतो ना हिंदी, आणि म्हणून तो सगळ्यांशी बोलतो.

आकड्यांच्या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. आमचे सर्व शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरात आई पंचेचाळीस म्हणे आणि शाळेत गुरुजी पैंतालीस म्हणवून घेत. आजही मनातल्या मनात हिशोब हिंदीत होतो आणि उत्तर मराठीत बाहेर येते. आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे असेच होते हे आम्ही जाणतो. छापील देवनागरी अंकांतही मराठीचे ५ आणि ८ एका वळणाचे, तर जुन्या हिंदी पुस्तकांतले दुसऱ्या वळणाचे असत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या कामकाजासाठी ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ स्वीकारलेले आहे. या शब्दरचनेकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो ते मुळात भारतातूनच अरबांकडे आणि तेथून युरोपात गेलेले आकडे आहेत. आज चेन्नईपासून चंदीगडपर्यंतचा चालक तेच वाचतो. या पत्रिकेत आपण देवनागरी अंक छापतो आणि छापत राहू. पण रस्त्यावरच्या चिन्हात आंतरराष्ट्रीय अंकच असावेत हे आमचे ठाम मत आहे.

एक माप, एक आकडा

पण नुसता आकडा तरी पुरेसा कसा? ३० म्हणजे तीस काय? किलोमीटर की मैल? आपल्या मुलांना हा प्रश्नच पडत नाही. तो का पडत नाही, यामागे इतिहास आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर ही मध्यप्रदेशची राजधानी होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. सोयरे-धायरे, बाजार, दवाखाने नागपूरला आणि कोर्ट-कचेरी इकडे, अशी आपली दोन घरे झाली. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने वजने व मापे यांच्या मानकांचा कायदा केला आणि देशाने दशमान पद्धती स्वीकारली. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला आणि १९६२ पर्यंत शेर कायद्याने मागे पडला. रस्त्यावरच्या मैलांची जागा किलोमीटरने घेतली. पायली आणि कुडव आजीच्या बोलण्यात उरले, फर्लांग गणिताच्या जुन्या पुस्तकात उरला. ‘मैलाचा दगड’ हा शब्दप्रयोग आपण अजून करतो, पण त्या दगडावर आकडा किलोमीटरचा असतो. राज्याची सीमा आपल्यामधून गेली, पण मापाची सीमा पुसली गेली. सावनेरचा ३० आणि सौंसरचा ३० एकच आहे.

सगळीकडे असे नाही. इंग्लंडमध्ये अजूनही वेग मैलांत मोजतात. तिथेही पांढऱ्या जमिनीवर लाल वर्तुळच असते, पण त्यातला ५० म्हणजे ताशी सुमारे ८० किलोमीटर. दिसायला एक, अर्थाने वेगळे! शेजारच्या आयर्लंडने २० जानेवारी २००५ या एकाच दिवशी देशभरातील वेगमर्यादेचे फलक मैलांतून किलोमीटरमध्ये बदलले. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये असल्याने सीमेपलीकडे मैलच राहिले. त्यामुळे आयर्लंडने आकड्याखाली ताशी किलोमीटर हे एककही लिहिण्याचे ठरवले, म्हणजे सीमा ओलांडून येणाऱ्याची फसगत होऊ नये. आपल्या सीमेवर भाषा बदलते आणि माप तेच राहते. त्यांच्या सीमेवर भाषा फारशी बदलत नाही, पण माप बदलते.

ऑस्ट्रेलियाने हा बदल १ जुलै १९७४ रोजी केला आणि त्यात एक शहाणपण दाखवले. जुन्या फलकावर वेगमर्यादा असे शब्द आणि खाली मैलांतला आकडा असे. नव्या फलकाचे रूपच त्यांनी पालटले: शब्द काढले आणि आकड्याभोवती लाल वर्तुळ आणले. त्यामुळे चुकून एखादा जुना फलक राहून गेला तरी चालकाला नुसत्या रूपावरून कळे की हे मैल आहेत. कॅनडाने १९७७ साली फलक बदलले. तिथे शब्द ठेवले आणि नव्या आकड्याखाली एककाची पट्टी जोडली. एकच काम, दोन देशांनी दोन रीतींनी केले. चिन्ह कसे दिसावे हा केवळ रंगाऱ्याचा प्रश्न नाही, तो विचारपूर्वक सोडवायचा प्रश्न आहे, हे यावरून लक्षात यावे.

एककाची गफलत किती महाग पडू शकते, याचे उदाहरण त्याच कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून एडमंटनला निघाले. कंपनी तेव्हा नव्या मापांकडे वळत होती. इंधनाचा हिशोब किलोग्रॅममध्ये हवा होता, पण गुणताना पौंडाचा गुणक वापरला गेला. परिणामी लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याच्या आसपास इंधन घेऊन विमान उडाले आणि ४१,००० फुटांवर त्याचे इंधन संपले. वैमानिकांनी कमालीच्या कौशल्याने ते गिमली येथील जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवले आणि ६९ जण वाचले. गणिताच्या वहीत उत्तराखाली एकक लिहिले नाही तर आमचे शिक्षक अर्धा गुण कापतात, याबद्दल तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या चिन्हाचे रूप कोठून आले तेही सांगतो. १९६८ साली व्हिएन्ना येथे रस्त्यावरच्या चिन्हांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० साली सामील झाला. आपल्याकडे चिन्हांची मापे, रंग, अंतर आणि उंची इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ पासूनची संस्था आपल्या ‘आयआरसी ६७’ या संहितेत ठरवून देते. रस्त्यावरचा वेग जितका जास्त तितके चिन्ह मोठे, असा त्यात साधा हिशोब आहे. फलकावरचा चकचकीत कागदही साधा नसतो. त्यात बारीक काचमणी किंवा त्रिकोणी लोलकासारखी रचना असते, आणि त्यामुळे गाडीच्या दिव्याचा प्रकाश इकडेतिकडे न विखुरता परत चालकाच्याच दिशेने येतो. म्हणून सरकारी चिन्ह अंधारात उजळते आणि आपल्या फ्लेक्सचा फलक काळा पडतो. हिवाळ्यात सकाळच्या धुक्यात शाळेत येणाऱ्या मुलांसाठी हा फरक लहान नाही.

३० च का?

भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेली एक गोष्ट आठवावी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. समजा, मूल समोर आल्याचे पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागला आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगला बसला, म्हणजे वेग दर सेकंदाला सहा मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत गेला. ताशी ३० ने जाणारे वाहन दीड सेकंदात साडेबारा मीटर जाईल आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे सहा मीटर. एकूण १८ मीटरमध्ये थांबेल. ताशी ६० चे वाहन दीड सेकंदातच २५ मीटर जाईल आणि पुढे २३ मीटर घसटेल. एकूण ४८ मीटर. आता मूल वीस मीटरवर आहे असे समजा. ३० चा चालक त्याच्या अलीकडे थांबलेला असेल. ६० च्या चालकाचा पाय तेव्हा ब्रेकवर पोचलेलाही नसेल. पूर्ण वेगाने तो त्या मुलापर्यंत गेलेला असेल. आणखी काही समजावून सांगण्याची गरज आहे का?

जगानेही हाच आकडा उचलला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षेच्या मंत्रिस्तरीय परिषदेने, जिथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असा आग्रह धरला. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतील एकेरी मार्गिकेच्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा लागू केली. आपल्याकडचे चित्र पाहा. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेग हे होते. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूनंतर आपला मध्यप्रदेश दुसऱ्या क्रमांकावर होता: ५४,४३२ अपघात. हे आकडे वाचून आपण पान उलटतो. ज्या घरातला माणूस जातो त्या घराचे पान तिथेच थांबते.

‘फलकाला कोण विचारतो?’

हा प्रश्न सभेत एका पालकांनी विचारला आणि तो रास्त आहे. लोक चिन्हे पाळत नाहीत याला लोक तर जबाबदार आहेतच. पण काही अंशी चिन्हांची आबाळही जबाबदार आहे. रस्त्याचे काम चालू असताना २० चा फलक लावतात. काम संपते, गुळगुळीत रस्ता होतो, ठेकेदार निघून जातो आणि फलक तसाच राहतो. मोकळ्या रस्त्यावरचा तो २० रोज पाहून चालकाला वाटू लागते की सगळेच आकडे असेच असतात. मग शाळेसमोरचा खरा आकडाही तो मनावर घेत नाही. खोट्या फलकाने खऱ्या फलकाची किंमत घालवली असे म्हणावे लागेल.

याबाबतीत रेल्वेकडून शिकण्यासारखे आहे. पांढुर्णा स्टेशनच्या मुख्य मार्गावर ज्यांनी काम चालू असताना पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल. आधी बऱ्याच अलीकडे सावधानतेचा पिवळा फलक, मग प्रत्यक्ष जागेवर वेगाचा आकडा, आणि बंधन जिथे संपते तिथे ‘टी/पी’ किंवा ‘टी/जी’ लिहिलेला गोल फलक: एक प्रवासी गाडीसाठी, दुसरा मालगाडीसाठी. काम संपले की फलक निघतात. म्हणून रेल्वेचा चालक प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवतो. रस्त्यावरही हीच शिस्त हवी. आधी त्रिकोणात शाळेचे चिन्ह, मग वर्तुळात ३०, आणि शाळा मागे पडल्यावर बंधन संपल्याचे, तिरप्या काळ्या रेघेचे चिन्ह. जिथे सुरुवात सांगितली तिथे शेवटही सांगितला पाहिजे. माणूस शेवट माहीत असलेले बंधन आनंदाने पाळतो. परीक्षेचे वेळापत्रक हातात असलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको.

चिन्ह लागल्यावर ते दिसलेही पाहिजे. आपल्या गावात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, निवडणुकीचे आणि शिकवणी वर्गांचे फ्लेक्स चिन्हांवरच टांगलेले दिसतात. कडुनिंबाची फांदी वाढते आणि आकडा झाकते. काही चिन्हांवर आपल्याच मुलांनी खिळ्याने नावे कोरलेली आहेत! कलम ११६ प्रमाणे चिन्ह काढणे, बदलणे किंवा विद्रूप करणे गुन्हा आहे, आणि चिन्हाला झाकणारी जाहिरात हटवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. पण कायद्याआधी ही समज घरातून यावी.

आणि पालकांना एक स्पष्ट शब्द. शाळेसमोर सगळ्यात जास्त घाईत कोण असते? घंटा वाजायला दोन मिनिटे असताना तिघांना एका मोटारसायकलवर बसवून येणारे आपणच. आपण ट्रकवाल्याला ३० सांगणार आणि स्वतः ५० ने येणार, हे चालायचे नाही. २०१५ च्या नियमांनुसार स्कूल बसला वेग नियंत्रक बसवून तिचा वेग ६० च्या आत ठेवणे बंधनकारक झाले. खाजगी गाडीला असा नियंत्रक नसतो. तिथे चालकाचे मनच नियंत्रक. दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्यांनी २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ वाचावे. अल्पवयीन मुलाने अपराध केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

आता करायचे काय?

आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे की पुढील बैठकीत तीन गोष्टींना मंजुरी द्यावी. पहिली, रस्ता ज्या खात्याकडे आहे त्या खात्यास आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस शाळेच्या लेटरहेडवर रीतसर निवेदन द्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आता अशा कामासाठी छिंदवाड्याच्या फेऱ्या मारण्याची गरज उरलेली नाही, मग ही सोय आपण वापरावी. निवेदनात मागणी नेमकी असावी: दोन्ही बाजूंना शाळेचे त्रिकोणी चिन्ह, ३० चे वर्तुळ, बंधन संपल्याचे चिन्ह आणि पांढऱ्या पट्ट्यांचे क्रॉसिंग. गतिरोधकाचा निर्णयही त्याच खात्यावर सोपवावा. रंग न दिलेला, रातोरात बांधलेला गतिरोधक रात्रीच्या मोटारसायकलस्वारासाठी स्वतःच एक संकट असतो.

दुसरी, निवेदनासोबत आपल्याच विद्यार्थ्यांनी केलेली मोजणी जोडावी. नववीच्या मुलांनी शिक्षकांसोबत कुंपणाच्या आत उभे राहून हे करावे. रस्त्याकडेचे पन्नास मीटर अंतर दोन खुणांनी निश्चित करायचे आणि वाहन ते किती सेकंदांत ओलांडते ते घड्याळावर पाहायचे. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३०, तीन सेकंद लागले तर ६०. एक आठवडा, शाळा भरताना आणि सुटताना, नोंदवहीत लिहायचे. भावनेच्या अर्जापेक्षा आकड्यांचा अर्ज कचेरीत जड जातो, हा आमचा अनुभव आहे.

त्याचबरोबर मैदानावर दुसरा प्रयोग करता येईल. १९६१ साली ब्रिटनमध्ये बेन्सन येथील विमानतळावर स्वयंसेवकांना बसवून, गाडीच्या टपावर लावलेले फलक त्यांच्याकडे आणत, कोणती अक्षरे किती दुरून वाचता येतात ते तपासले होते. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेली अक्षरे तिथल्या रस्त्यांवर आली. आपल्याकडे टपाऐवजी सायकल चालेल. पुठ्ठ्यावर ३०, ५०, ६०, ८० असे आकडे आणि एक बारा शब्दांचे वाक्य लिहून दुरून आणावे आणि प्रत्येक किती अंतरावरून वाचता येते ते मोजावे. या लेखात आम्ही जे म्हटले ते खरे की खोटे, हे मुलांनी स्वतः ठरवावे. ३, ६ आणि ८ दुरून एकमेकांसारखे का दिसतात तेही त्यांच्या लक्षात येईल.

तिसरी, देणगीदारांचा मान राखावा. त्यांच्या देणगीतून लहान मुलांच्या दप्तरांवर लावायला चमकणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात आणि फाटकाच्या आत पालकांच्या गाड्यांसाठी जागा सपाट करून घ्यावी, म्हणजे रस्त्यावरची गर्दी निम्मी होईल. शाळेच्या पत्रिकेत त्यांचे नाव कृतज्ञतेने छापू. मात्र रस्त्यावरच्या चिन्हावर कोणाचेही नाव नको, शाळेचेही नको. तिथे केवळ आकडा असावा.

हे सगळे मंजूर झाले तरी चिन्ह लागायला काही महिने जातील. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि तिला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. सोमवारपासून शाळेच्या दोन्ही बाजूंच्या शंभर मीटरमध्ये आपल्या शाळेचे शिक्षक, कर्मचारी आणि पालक ३० च्या वर गाडी नेणार नाहीत, असे आपण ठरवू या. शिक्षकांनी यास होकार दिलेला आहे. पालकांचा होकार आम्ही गृहीत धरतो.